चावी कोनाकडे?

धुडकू आप्पांना कसलीही बातमी सांगा. मुलगी पास झाल्याची सांगा, नाहीतर शेजारचा माणूस वारल्याची सांगा. ते सगळं नीट ऐकून घ्यायचे, तंबाखूची चिमूट ओठाआड सरकवायचे आणि विचारायचे, "ते समदं ठीक. पन चावी कोनाकडे?"

गल्लीत गणपतीची पेटी आली, आप्पांनी विचारलं, चावी कोनाकडे? शाळेत पाण्याची नवी टाकी बसली आणि मी कौतुकानं त्यांना दाखवायला नेलं. नळाच्या खोलीला कुलूप बघून आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टाकी मीच चोरली होती. कोणाचं लग्न ठरलं तर नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन म्हणायचे, "कपाटाची चावी बायकोजोडे ठेव. सुखी ऱ्हाशी." एकदा एका मयताच्या घरी त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि तीन भाऊ तिथंच एकमेकांकडे बघायला लागले. बारावं होईपर्यंत ते बोलत नव्हते.

मी सुरतेला आलो तो मराठी शाळेचा मास्तर म्हणून. उधन्याच्या पुढे, खाडीच्या काठानं खानदेशी लोकांची वस्ती होती. पुरुष लूमवर आणि डाइंग मिलमध्ये, बायका साड्यांचे धागे कापायला. कुटुंब गावी ठेवून मीही तिथंच खोली घेतली. भाडं कमी होतं. कमी का होतं, ते पहिल्या पावसाळ्यात खाटेवर चढून बसल्यावर कळलं.

आप्पा पलसाण्याच्या एका मिलमध्ये बॉयलरवर होते. बारा तासांची शिफ्ट. माणूस काळा, सुकलेला, भुवया भट्टीच्या आचेनं गेलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम थोडं आश्चर्य. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पितळी चावी. आता गंमत अशी, की वस्तीत कुलूप नसलेली एकच खोली होती, ती आप्पांची. कुलूप सोडा, दाराला कडीसुद्धा नव्हती. कोयंडा उपटलेला, तिथं नुसती चार भोकं. कुत्री आत जाऊन झोपायची.

"आप्पा, ही चावी कशाची?" मी एकदा विचारलं.

"कशाची बी नही."

"मग गळ्यात कशाला?"

"तुम्ही गळ्यात टाय कसाले बांधतस, गुरजी?"

पंधरा ऑगस्टला मी टाय बांधत असे. त्यानंतर सोडला.

प्लेगच्या साली सुरतेतून जी माणसं पळाली, त्यांत शूर पळपुट्यांची यादी केली तर माझं नाव वर येईल. नाकाला रुमाल, काखेत पिशवी, आणि खोलीची किल्ली कोणाकडे द्यावी म्हणून वस्तीभर धावतोय. जायचं नाही असं ठरवलेले आप्पा एकटेच दारात बसले होते. बॉयलर थंड पडू द्यायचा नाही म्हणाले. मी किल्ली त्यांच्या हातात कोंबली.

"खोलीत कोनी नही ना?" त्यांनी विचारलं.

"कोण असणार? मी एकटा."

"नक्की ना, गुरजी?"

"नाही हो कोणी!"

मी कोपऱ्यापर्यंत गेलो तर मागून हाक. "गुरजी! आतमधी कोनी नही ना?"

मला वाटलं, भट्टीपुढे बसून माणसाचं डोकं उकडलं असावं. महिन्याभरानं परत आलो, तर माझ्या आधीच परतलेल्या लीलाबाई म्हणाल्या, आप्पा रोज सकाळ-संध्याकाळ माझं कुलूप उघडून आत डोकावायचे, हाक मारायचे आणि पुन्हा लावायचे. लीलाबाई माझ्या शेजारीण. जीभ तिखट, पण भाजी पाठवायच्या. त्यांच्यापुढे मी हे सांगून खूप हसलो. त्या हसल्या नाहीत. मी ते त्यांच्या तिखट जिभेच्या खात्यावर टाकलं.

तर असा हा माणूस, आणि त्याला जडला जगाच्या फंडाचा नाद.

झालं असं, की माझी भाकरी गुंडाळून आलेला एक गुजराती पेपर आप्पांनी मला वाचून दाखवायला सांगितला. मी अर्थ सांगितला. परदेशात मोठी सभा भरली आहे. श्रीमंत देशांनी शे-दीडशे वर्षं कारखाने चालवून इतका धूर काढला, की सगळ्या पृथ्वीची हवा तापायला लागली. पाऊस बिघडणार, समुद्र चढणार, नद्या फुगणार, आणि त्याचा पहिला तडाखा गरीब देशांना. म्हणून धूरवाल्यांनी एक फंड काढायचं कबूल केलंय. गरिबांना त्यातून पैसे मिळतील.

आप्पा खूश झाले. धुराचा विषय निघाला की ते जाणकारासारखे मान हलवायचे. "बरोबर शे. ज्यानं धूर काढा, त्यानं भरावं." मग चिमूट ओठाआड गेली. "पन गुरजी, चावी कोनाकडे?"

मी पेपर पुन्हा बघितला. तेच तर भांडण होतं. गरीब देश म्हणत होते, फंडाच्या कारभारात आम्हाला बरोबरीची जागा द्या. श्रीमंत म्हणत होते, पैसे आमचे, तर तिजोरी आमच्या पेढीत, आणि कुठं, कशासाठी, केव्हा द्यायचे तेही आम्हीच ठरवू.

आप्पा उभेच राहिले. "आसं कसं? बॉयलरचा वॉल्व्ह बॉयलरपाशी ऱ्हास. शेठच्या घोडदौड रोडच्या बंगल्यात नही ऱ्हात. वाफ चढनी तर मी काय शेठले फोन लावत बसू? लिहा, गुरजी."

"काय लिहू?"

"हाईच. त्या फंडवाल्यासले."

मी इंग्रजीचा मास्तर नव्हतो. पण वस्तीत मी तसं भासवून ठेवलं होतं. मोहरमच्या सुट्टीचा अर्ज इंग्रजीत लिहून देऊन मी मोठं नाव कमावलं होतं. आता माघार कशी घ्यायची? आप्पा रविवारी येऊन बसायचे, बोलायचे, मी लिहायचो. 'जो बुडतो त्याच्या हाती चावी पाहिजे', हे त्यांचं मुख्य कलम. पहिल्या दोन पत्रांचं मी डिक्शनरी घेऊन भाषांतर केलं. तिसऱ्यापासून आप्पांचं बोलणं मराठीतच लिहून वर इंग्रजी पत्ता घातला. त्यांना सांगितलं नाही. एकदा उत्तर म्हणून गुळगुळीत कागदाचं रंगीत चोपडं आलं. त्यावर पाण्यात उभी राहून हसणारी एक बाई होती. आप्पा ते चित्र खूप वेळ बघत होते. "ही हसी काय राह्यनी?" एवढंच म्हणाले.

आणि मग, काय सांगू, तो फंड खरंच आमच्या खाडीवर आला.

नदी फुगली की तिचं पाणी खाडीतून उलटं वस्तीत शिरायचं. खाडीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं ठरलं. चाक फिरवून त्याचा पाट, म्हणजे लोखंडी फळी, खाली सोडली की नदीचं पाणी बाहेरच्या बाहेर. नमुन्याचं काम म्हणून पैसे त्याच फंडातून. पाहणीला परदेशातून एक उंच बाई आल्या, बरोबर आपले इंजिनियरसाहेब. लोकांशी बोलायचं म्हणून सभा आमच्या शाळेत. आणि दुभाष्या कोण? अस्मादिक. मी सफारी सूट उसना आणला, इस्त्री करून घेतला, आणि रात्रभर आरशापुढे 'प्लीज बी सीटेड' म्हणत होतो.

बाई भल्या होत्या. चहा नको म्हणाल्या, सतरंजीवर बसल्या, वही उघडली आणि सरळ विचारलं, "गेट कोणाच्या ताब्यात असावं, असं तुम्हाला वाटतं?"

मी भाषांतर केलं.  आप्पा उठले.

इतकी वर्षं विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी उलटून त्यांनाच विचारलं होतं. आप्पा बोलायला लागले. गळ्यातली चावी मुठीत धरून बोलले. पाणी कुठून येतं, आधी कोणाच्या उंबऱ्याला लागतं, किती वेळात खाटेला पोचतं. वॉल्व्ह आला, शेठ आला, घोडदौड रोड आला. पैसे अर्धे द्या म्हणाले, गेट लहान करा, पन चावी खालच्या गल्लीत ठेवा. ज्याच्या घरात पयले पानी येतं त्याच्याजोडे. तो झोपनार नही. आवाज चढला, मधेच फुटला. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पेन तयार.

 माझ्या डोक्यात 'प्लीज बी सीटेड'शिवाय एक शब्द नव्हता. इंजिनियरसाहेबांनी माझ्या पायावर बूट ठेवून हळूच म्हटलं, "मास्तर, टूंकमां पतावो ने. चा ठंडी थाय छे." म्हणजे, थोडक्यात आटपा, चहा गार होतोय.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ॲज यू प्लीज, मॅडम."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या मोठ्या भाषणाचं एवढंच? त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान डोलावून पुन्हा तेच म्हणालो, या वेळी हसून. त्यांनी लिहून घेतलं. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. आप्पांनी वाजवल्या नाहीत, पण मला चहा आणून दिला.

गेट झालं. हिरवा रंग, इंग्रजी पाटी, चाकाला जाड साखळी आणि नारळाएवढं कुलूप. चावी नदीपलीकडच्या कचेरीत. लोकांची तशीच इच्छा आहे, असं अहवालात लिहिलं होतं म्हणे. आप्पा रोज शिफ्टहून येताना ते कुलूप हातानं तोलून बघायचे. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र त्यांना टाळायला लागलो. खाडीकडची वाट सोडून लांबच्या रस्त्यानं शाळेत जायचो आणि चालणं तब्येतीला चांगलं असतं, असं सगळ्यांना सांगायचो.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं. सकाळचे दहा वाजले असतील. दिवसपाळीची माणसं कामावर गेलेली. खाडी उलटी वाहायला लागली, गढूळ, फेसाळ, वर मिलच्या रंगाचा जांभळा तवंग. गेटचा पाट वर टांगलेला. खालच्या गल्लीत पाणी घोट्याला, मग पिंढरीला. पूल बंद. कचेरीचा फोन लागत नव्हता.

आप्पा रात्रपाळीवरून नुकतेच आले होते. मिलमधला मोठा हातोडा खांद्यावर टाकून ते धावले. मी मागे. मला वाटलं, आता गेटचं कुलूप फोडणार. पण ते गेटकडे वळलेच नाहीत. खालच्या गल्लीत शिरले आणि पहिल्या खोलीच्या कुलपावर घाव घातला.

"आप्पा! गेट! आधी गेट!" मी ओरडलो.

"गेट ऱ्हाऊ दे! आतमधी कोनी शे का बघा!"

आमच्या वस्तीत कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायची रीत होती. आत म्हातारं असलं तरी, पोर असलं तरी, रात्रपाळीहून येऊन झोपलेला नवरा असला तरी. चोरांची भीती, आणि भटकून हायवेवर जाईल याची त्याहून. मीही लावत असे. त्यात वावगं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

आप्पांनी नऊ कुलपं फोडली. सहा खोल्या रिकाम्या. एकीत लूमचा एक कारीगर खाटेवर मेल्यासारखा झोपलेला, पाणी पाठीला लागलेलं. एकीत लीलाबाईंची दोन नातवंडं फळीवर चढून बसलेली. शेवटच्या खोलीत दमेकरी नामदेवबाबा. त्यांना मी पाठीवर घेतलं आणि शौर्याच्या भरात सरळ गटारात गेलो. बाबांनी माझी कॉलर धरून मला वर काढलं. त्या पुरात मी वाचवलेल्या माणसांचा हिशेब असा आहे.

गेट शेवटपर्यंत उघडंच राहिलं. खालच्या गल्लीतल्या निम्म्या भिंती पडल्या. पीठ, वह्या, शिवणयंत्रं, मुलींच्या लग्नासाठी जमवलेली भांडी, सगळं खाडीत. चावी तिसऱ्या दिवशी जीपमधून आली, आणि ती घेतल्याची सही द्यायला कोणाची तयारी नव्हती. त्यानंतर पाट खाली सोडायचा की वरच ठेवायचा, यावर साहेबांचा वाद झाला.

आप्पांची खोली बसली, माझी टिकली. पाय पत्र्यानं चिरला होता, त्यातून ताप चढला. मी त्यांना माझ्या खोलीत आणलं. माझ्या मनात चांगुलपणापेक्षा दुसरंच काही होतं, ते चौथ्या दिवशी ओठांवर आलं. त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता मी म्हणालो, "आप्पा, सभेत तुम्ही बोललात ते मी बाईंना सांगितलं नाही."

"मले ठाऊक शे."

"कसं?"

"मी एवढा बोलनू, अन् तुमचं तोंड एवढुसं हालनं."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"कोनाले सांगू? इंग्रजीची चावी तुमच्याकडे व्हती, गुरजी." मग डोळे मिटून म्हणाले, "पट्टी सुकी गई."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आणि एवढं होऊनही मी काय केलं असेल? शाळा पुन्हा सुरू झाली त्या सकाळी आप्पांना पेज दिली, पांघरूण घातलं, पिशवी घेतली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं दार ओढून बाहेरून कुलूप घातलं.

तिसऱ्या तासाला खडूसाठी खिशात हात घातला, तर हाताला किल्ली लागली.

वर्ग तसाच सोडून मी पळालो. चिखलात दोनदा पडलो. खोलीपाशी पोचलो तर खिडकीला सात-आठ जण लोंबकळलेले. लीलाबाई गज धरून आत ओरडत होत्या, "आप्पा! ओ आप्पा! घाबरू नका! चावी कोनाकडे शे? आप्पा, चावी कोनाकडे?"



मी किल्ली उलटीच घालत होतो, तेव्हा लीलाबाईंनी ती हिसकावून कुलूप उघडलं. आप्पा दाराशीच, भिंतीला टेकून बसले होते. गुडघे छातीशी. घामानं चिंब. गळ्यातली चावी दोन्ही मुठीत. मला बघून त्यांनी ओळखल्याचं दाखवलं नाही.

"आप्पा, चुकलो हो. सवयीनं..."

"माय बी आशीच बसी असीन," ते म्हणाले.

लीलाबाईंनी बाकीच्यांना बाहेर घालवलं आणि स्वतःही गेल्या. त्यांना सगळं माहीत होतं. वस्तीत मी सोडून सगळ्यांनाच माहीत होतं.

आप्पा हळूहळू सांगत गेले. माय म्हातारी झाली होती. डोकं फिरल्यासारखी गाव शोधत हायवेवर जायची. म्हणून कामावर जाताना ते बाहेरून कुलूप घालायचे. त्या दिवशी खाडी आली. बॉयलरवर बदली माणूस आला नाही आणि पेटता बॉयलर सोडता येत नाही. शेवटी निघाले, तर वाटेत कडोदऱ्यापासून पुढे रस्ता पाण्याखाली. लोक खिडकीशी जमले. कुलूप जाड होतं, आप्पांनीच बघून जाड घेतलं होतं. माय जागची हलत नव्हती.

"लोक खिडकीतून ओरडी राह्यन्तात, माय, चावी कोनाकडे शे? चावी कोनाकडे? अन् माय हासीसन सांगे, मना धुडकूकडे शे. मना धुडकू येस." त्यांनी मूठ उघडून चावीकडे बघितलं. "पानी गळ्याले लागेपर्यंत तेच सांगत व्हती, म्हने."

बाहेर कोणीतरी चिखल उपसत होतं, त्या फावड्याचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी मी बाजारात जाऊन माझ्या कुलपाची दुसरी चावी करून आणली. खिडकीपाशी आतल्या बाजूनं खिळा ठोकायचा आणि तिथं ती टांगायची, म्हणजे आतला माणूस गजांतून हात काढून बाहेरच्याला चावी देऊ शकेल. मी माझ्या खांद्याच्या उंचीवर खिळा धरला.

आप्पा खाटेवरून बघत होते.

"खाले," ते म्हणाले.

मी थोडा खाली धरला.

"आजून खाले, गुरजी. माय ठेंगनी व्हती."